तळाशी बसली म्हणजे भेसळ, हे खरे नव्हे

रॉक फॉस्फेट या स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या खताची चिमूट पेल्यातल्या पाण्यात टाकून, भुकटी तळाशी बसली की ‘ही दगडाची माती’ असा निकाल गोव्यातले काही माड-पोफळीचे बागायतदार देतात. ही कसोटीच चुकीची आहे. रॉक फॉस्फेट म्हणजे मुळातच दगड, आणि त्यातले स्फुरद असते ते प्रामुख्याने अ‍ॅपेटाइट या खनिजात. कॅल्शियम फॉस्फेटच्या जोडीला फ्लोरिन, क्लोरिन किंवा हायड्रॉक्सिल असलेले हे खनिज पाण्याच्या सुमारे तिपटीहून थोडे जड असते, मोहच्या कठिणता मापावर ५ वर बसते (सुरीने जोर लावला तरच ओरखडा उठतो) आणि पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. विरघळणारी भुकटी दिसली तर उलट तीच संशयास्पद मानावी.

ते विरघळते आम्लात. सुपरफॉस्फेटच्या कारखान्यात हेच काम गंधकाम्ल करते, तर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यासारख्या भागात, जिथे पावसाने जमिनीतला चुना धुऊन नेलेला असतो, ते आम्लधर्मी जांभी माती हळूहळू करते. म्हणूनच भुकटी बारीक हवी आणि मातीत नीट मिसळलेली हवी. तिच्यासोबत चुना घालू नये, कारण चुन्याने आम्लता कमी होते आणि विरघळणे मंदावते. सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) सातच्या वर असलेल्या, म्हणजे आम्लधर्मी नसलेल्या जमिनीत मात्र ती खरोखरच बहुतांशी पडून राहते.

व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे मोजणाऱ्यांनीही जपावे, कारण ते बुडबुडे कार्बोनेटचे असतात आणि साध्या चुनखडीतूनही येतात. स्फुरदाचे प्रमाण प्रयोगशाळेतच कळते.