डिझेलची काडी: जुन्या पिकअपसाठी सेल्फ निवडताना

निफाडला जानेवारीच्या पहाटे पारा कधीकधी एक आकडी होतो. अशाच एका पहाटे कांदा भरून लासलगावला निघालेली मामांची जुनी डिझेल पिकअप सुरूच होईना. चावी फिरवली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी विजेची मोटर) जड आवाजात दोन-तीन आचके द्यायचा आणि गप्प व्हायचा. दुपारी मात्र तीच गाडी एका चावीत सुरू झाली. गॅरेजवाला म्हणाला, "सेल्फ गेला, नवा टाका." नवा टाकायचा तर कोणता, हे ठरवायला आधी थंडीत तो का हरतो ते कळायला हवं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. सिलिंडरमधली हवाच दाबून इतकी तापवायची, की डिझेलचा फवारा पडताक्षणी पेटावा. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, त्याचंच हे थोरलं रूप. 10 अंशांची हवा 18 पट लहान जागेत दाबली, आणि तिची उष्णता कुठे गळलीच नाही, तर हिशेबाने ती 600 अंशांच्या वर जाते. पण ती गळते. सिलिंडरच्या गार भिंती उष्णता खातात आणि पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून दाब निसटतो. इंजिन मिनिटाला 150 फेरे फिरत असेल, तर एका दाबाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. 75 फेऱ्यांवर तोच वेळ दुप्पट होतो, म्हणजे गळतीलाही दुप्पट वेळ मिळतो. म्हणून डिझेल गाडीत सेल्फचं काम इंजिन नुसतं हलवण्याचं नाही. तो वेगाने फिरला तरच हवा तापते. डिझेलची काडी तोच ओढतो.

मोटारगाडीला विजेचा स्टार्टर व्यवहारात आणला अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी, 1911 साली, कॅडिलॅक गाड्यांसाठी. त्याआधी ते गल्ल्याच्या यंत्रांवर काम करत होते. त्या यंत्राचा खण उघडायला मोटर क्षणभरच लागते. जी मोटर काही क्षणच चालणार आहे, तिच्यावर तिच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो, ही त्यातली खरी बुद्धी. आजही सेल्फ त्याच हिशेबाने बनतो. म्हणून सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. न थांबणाऱ्याचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, जळतं.

आता खरेदीआधीची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. असा सेल्फ 300 अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो. एवढ्या करंटच्या वाटेत फक्त 0.005 ओहमचा अडथळा आला, तरी दीड व्होल्ट वाटेतच संपतात आणि 450 वॅटची उष्णता त्या एका सांध्यावर होते. बॅटरी 12 व्होल्टची, त्यातले दीड गेले की सेल्फ मंदावणारच. मग नवा सेल्फ घालूनही पहाटे तेच रडगाणं.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, तर दोष अर्थच्या वायरीत, म्हणजे बॅटरीचा ऋण खांब इंजिनाला जोडणाऱ्या वायरीत, आहे. धन बाजूलाही बॅटरीचा खांब आणि सेल्फवरचा जाड बोल्ट यांच्यामध्ये हेच करायचं. शेवटी बॅटरीच्याच दोन खांबांवर मोजायचं. तिथे सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली आकडा गेला, तर आधी बॅटरी बघा. आमच्या गाडीची अर्थची पट्टी आतून हिरवी पडली होती. ती बदलल्यावर फरक पडला, पण पुरता नाही. सेल्फ उघडला तर कार्बन (आर्मेचरला घासून त्याला वीज देणारे तुकडे) संपलेले होते आणि आर्मेचरवर खोल चऱ्या पडल्या होत्या. नुसते कार्बन आणि बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) गेले असते, तर मी दुरुस्तीच सुचवली असती. चांगला कारागीर ते काम उत्तम करतो. आर्मेचर खराब असेल तर मात्र नवा घ्यावा.

जुन्या पद्धतीच्या सेल्फमध्ये आर्मेचर थेट पिनियन (इंजिनाच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, फिरवणारं छोटं दातेरी चाक) फिरवतं. तो जड असतो, दणकट असतो आणि करंटही भरपूर खातो. नव्या गिअरवाल्या सेल्फमध्ये छोटं आर्मेचर खूप वेगाने फिरतं आणि आतले गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतात. बॅटरी अर्धवट असलेल्या जुन्या डिझेलला मी हाच सुचवेन. त्याचं वजन कमी भरलं म्हणून तो कमी प्रतीचा समजू नका. एक जपायचं: यातल्या काहींमध्ये कॉइलऐवजी चुंबक असतात. अडला की पान्याने ठोकायची जुनी सवय तिथे चुंबकाला तडा देते.

सेल्फच्या ताकदीचा, म्हणजे किलोवॅटचा, आकडाही मोठा तो चांगला असं नाही. थकलेल्या बॅटरीला तेवढा करंट पुरवता आला नाही, तर मोठा सेल्फ उलट तिचे व्होल्ट आणखी पाडतो.

मापं मात्र तंतोतंत जुळलीच पाहिजेत: फ्लँजची (सेल्फ इंजिनाला बसवायच्या पट्टीची) भोकं, फिरण्याची दिशा, पिनियनचे दात. समजा पिनियनला 9 दात आणि फ्लायव्हीलच्या रिंगला 120. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे तेरा फेरे. इंजिन सुरू होऊन 800 फेऱ्यांवर गेलं, की ते पिनियनला मिनिटाला दहा हजारांवर पळवू लागतं. गिअरवाल्या सेल्फमध्ये हा वेग आर्मेचरपर्यंत पोचला, तर, समजा आतले गिअर चौपटीचे असतील, चौपट होऊन चाळीस हजारांच्या पुढे जाईल आणि आर्मेचर फुटेल. ते वाचवतो पिनियनमागचा एकाच दिशेने धरणारा क्लच. मेकॅनिक त्यालाच बेंडिक्स म्हणतात. नवा सेल्फ घेताना पिनियन बोटांनी फिरवून पाहा. एका बाजूला सहज फिरायला हवं, दुसऱ्या बाजूला अडायला हवं.

मामांनी जुना सेल्फ पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानदाराने काढून दिलेला पहिला सेल्फ हुबेहूब तसाच दिसत होता. आम्ही काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून दात मोजले. नव्याला एक दात जास्त होता.