१४ किलोच्या मुलाला किती सलाईन?

बालरोग वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला विचारा, १४ किलोच्या मुलाला दिवसाला किती सलाईन? कागद न घेता तो सांगेल, १२०० मिलिलिटर. पहिल्या १० किलोंना किलोमागे १००, पुढच्या १० ना ५०, त्यापुढे २०. हा हिशेब माल्कम हॉलिडे आणि विल्यम सेगर या बालरोगतज्ज्ञांनी १९५७ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये मांडला.

त्यामागचा विचार मला आकड्यांपेक्षा जास्त आवडतो. पाणी वजनावर नव्हे, जाळलेल्या कॅलरींवर ठरतं. लहान बाळ किलोमागे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा जाळतं. १०० कॅलरींमागे श्वास आणि त्वचेतून सुमारे ५० मिलिलिटर पाणी जातं, लघवीतून ६७. अन्न जळताना शरीरातच १७ तयार होतं. उरली गरज १०० ची. म्हणजे कॅलरीला एक मिलिलिटर.

हॉलिडे पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेले. मूत्रपिंड निकामी झालेल्या मुलांची वाढ का खुंटते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यात अपुऱ्या कॅलरींचाही वाटा असल्याचं त्यांनी १९७२ मध्ये दाखवलं.

१९५७ च्या लेखातला दुसरा भाग मात्र अडचणीचा ठरला. सलाईनमधलं मीठ त्यांनी आईच्या आणि गाईच्या दुधातल्या प्रमाणांवरून ठरवलं होतं, त्यामुळे ते सलाईन रक्तापेक्षा फिकं, म्हणजे कमी खारट होतं. निरोगी मूत्रपिंड जादा पाणी सहज बाहेर टाकतं. पण शस्त्रक्रिया, उलट्या, वेदना, न्यूमोनिया यांत मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं. वरून फिकं सलाईन चालूच! रक्तातलं सोडियम घसरतं, पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, आणि कवटीत तर मेंदूला फुगायला जागा नाही. मुलाला झटके येतात, कधी जीवही जातो. २००३ मध्ये मॉरिट्झ आणि आयुस या डॉक्टरांनी रक्ताइतक्याच खारट सलाईनचा आग्रह धरला.

उतारवयातले हॉलिडे या वादात उतरले, पण त्यांचा उपाय वेगळा होता: आधी खारट सलाईन भराभर देऊन शरीरातली तूट भरा, म्हणजे एडीएच उतरेल, मग नेहमीच्या निम्मंच पाणी द्या. २०१८ साली अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या बहुतेक आजारी मुलांसाठी खारट सलाईनचीच शिफारस केली. बाटली बदलली. किती द्यायचं, याची सुरुवात मात्र अजून १०० – ५० – २० नेच होते.