टीबीचा जंतू गोळीला दाद का देत नाही?

टीबीच्या जंतूला औषधाची सवय लागते, असं सर्रास बोललं जातं. तसं होत नाही. औषधाला दाद न देणारे मोजके जंतू पहिली गोळी घेण्याआधीच फुप्फुसात असतात. चुकीचे उपचार त्यांना फक्त रान मोकळं करून देतात.

श्वासावाटे आत आलेला जंतू फुप्फुसातल्या भक्षकपेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पाचकरस आपल्यापर्यंत पोहोचण्याची क्रियाच तो रोखतो आणि त्याच पेशीत वाढतो. शरीर त्याच्याभोवती गाठ बांधतं. गाठीचा गाभा पनीरसारखा भुसभुशीत होऊन श्वासनलिकेत फुटला, की मागे पोकळी उरते. तिथे ऑक्सिजन मुबलक, त्यामुळे जंतू १० कोटींच्या घरात सहज जातात.

आता हिशेब. टीबीवरची दोन मुख्य औषधं म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. जनुकांची नक्कल करताना चुका होतात आणि त्यातून आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण १० लाखांत एक निपजतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक. म्हणजे त्या पोकळीत पहिल्या प्रकारचे शंभरेक आधीच हजर. नुसतं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे मरतात, खोकला कमी होतो, आणि रिकाम्या जागेत या शंभरांची प्रजा वाढते. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन या टीबीवरच्या जुन्या औषधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले; त्या एकाच औषधावर बरे होऊ लागलेले कित्येक रुग्ण असेच पुन्हा खालावले. दोन्ही औषधांना एकदम पुरून उरणारा जंतू मात्र १०० लाख कोटींत एक; तेवढे जंतू रुग्णाच्या अंगात नसतातच. म्हणून पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन.

जंतूची युक्ती औषधागणिक बदलते. रिफाम्पिसिन आरएनए (जनुकातल्या माहितीची कामापुरती प्रत) तयार करणाऱ्या एन्झाइमला चिकटून त्याचं काम थांबवतं. बहुतेक प्रतिरोधी जंतूंमध्ये त्या एन्झाइमच्या जनुकातल्या अवघ्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात बदल सापडतो, आणि जनुकीय तपासणी करणारं सीबीनॅट यंत्र थुंकीच्या नमुन्यात तोच तुकडा सुमारे दोन तासांत तपासतं. आयसोनियाझिडची गंमत वेगळी: ते औषध जंतूच्याच एका एन्झाइममुळे कार्यक्षम होतं. ते एन्झाइम बिघडलं, की गोळी पोटात जाऊनही निष्क्रिय. नेहमीच्या सीबीनॅटमध्ये हा बिघाड दिसत नाही. त्यासाठी लाइन प्रोबसारखी वेगळी जनुकीय तपासणी लागते.

सगळ्यात घातक चूक मात्र टीबीचं निदान होण्याआधीच घडते. दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्याला थुंकी न तपासता लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिलं जातं. ते टीबीच्या जंतूवरही चालतं, त्यामुळे चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं, आणि नकळत एकाच औषधाचा उपचार होऊन बसतो. रिफाम्पिसिन निकामी ठरल्यावर आधार असतो तो याच गटातल्या औषधांचा.