तरंगणारं बी फेकू नका

‘बी पाण्यात टाका, तरंगेल ते पोकळ’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. भाताला तो लागू आहे: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून पोचट दाणे वेगळे काढतात. पण परसबागेतल्या बियांना तोच नियम लावला की चांगलं बी उकिरड्यावर जातं. टोमॅटोचं सुकं बी निरखून पाहा, अंगभर बारीक लव असते. तिच्यात हवा अडकते, म्हणून ते तरंगतं. झेंडूचंही तसंच, शेपटासकट. दुधी-दोडक्याच्या जाड सालीखाली हवा असते.

खरी परीक्षा साधी आहे. ओल्या सुती फडक्यात 10 बिया गुंडाळा, फडकं सुकू देऊ नका. 7 रुजल्या तर उगवण 70 टक्के. मिरचीला मात्र दोन आठवडे द्या. घाईने टाकून दिलेली मिरची बहुतेकदा जिवंतच असते.