इनुइटांच्या आठवणी आणि दोन बुडालेली जहाजे

मौखिक इतिहासाला दंतकथा समजून बाजूला सारण्याची सवय किती महागात पडते, याचे ठळक उदाहरण कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशात आहे. अटलांटिकमधून आर्क्टिकमार्गे पॅसिफिककडे जाणारा वायव्य सागरी मार्ग शोधायला ब्रिटिश नौदलाचे सर जॉन फ्रँकलिन १८४५ मध्ये 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजे घेऊन निघाले आणि त्यांच्यासह १२९ जणांपैकी कोणीही परतले नाही.

१८५४ मध्ये डॉ. जॉन रे या संशोधक-प्रवाशाला आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे इनुइट लोकांनी सांगितले की, काही गोरी माणसे होडी ओढत दक्षिणेकडे निघाली होती, पुढे ती उपासमारीने मेली आणि त्याआधी त्यांच्यावर मेलेल्या सोबत्यांचे मांस खाण्याची वेळ आली होती. रे यांनी इनुइटांकडून चांदीचे चमचे, काटे आणि फ्रँकलिन यांचे नाव कोरलेली एक छोटी तबकडीही विकत घेतली. इंग्लंडमध्ये या वस्तू खऱ्या ठरल्या, पण त्या जपून ठेवणाऱ्यांचे म्हणणे मात्र खोटे ठरवण्यात आले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी तर इनुइटांच्या प्रामाणिकपणावरच शंका घेतली. पुढे किंग विल्यम बेटावर सापडलेल्या हाडांच्या तपासणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ९२ हाडांवर धारदार हत्याराच्या खुणा आढळल्या होत्या.

अर्थात वस्तूही दिशाभूल करू शकतात. अधिकाऱ्यांची कुलचिन्हे असलेल्या काही चमच्या-काट्यांवर खलाशांनी आपल्या नावांची आद्याक्षरे ओरखडली होती. केवळ कुलचिन्ह पाहून तो चमचा शेवटी कोणाच्या हाती होता हे ठरवले, तर निष्कर्ष चुकणारच. म्हणूनच वस्तू नेमकी कुठे आणि कशाच्या सोबत सापडली, याची नोंद वस्तूइतकीच मोलाची असते. तोंडी साक्षीचीही अशीच छाननी करावी लागते: सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले की ऐकले, दुभाषा कोण होता, आणि प्रश्नातच उत्तर सुचवले गेले होते का, हे तपासावे लागते.

किंग विल्यम बेटाच्या दक्षिणेकडील ॲडलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेला एक जहाज बुडाल्याचे इनुइट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच परिसरातील एका लहान बेटावर, होडी खाली सोडण्याच्या यंत्रणेचा एक लोखंडी भाग मिळाला. त्यावर ब्रिटिश नौदलाची बाणाची खूण होती. लगेचच, जवळच्या पाण्यात सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू टिपणाऱ्या यंत्रावर) 'एरेबस' दिसले. २०१६ मध्ये एका इनुइट रहिवाशाच्या माहितीवरून 'टेरर'ही सापडले.

१८५९ मध्ये हाती आलेल्या, मोहिमेतील अधिकाऱ्यांच्या लेखी चिठ्ठीनुसार २२ एप्रिल १८४८ रोजी दोन्ही जहाजे किंग विल्यम बेटाच्या वायव्येला सोडून देण्यात आली होती. प्रत्यक्षात ती त्याहून बरीच दक्षिणेला मिळाली. ती बर्फाबरोबर वाहत आली, की काही खलाशी परत जहाजावर चढले? दक्षिणेकडच्या जहाजावर माणसे राहत असल्याच्या खुणा दिसल्याचे इनुइटांनी सांगितले होते, त्यामुळे दुसरी शक्यता मला अधिक विचारार्ह वाटते.