साइटोकाइन आणि अँटिबॉडीचं क्लास स्विचिंग

बी पेशी (अँटिबॉडी बनवणारी पांढरी रक्तपेशी) आपल्या अँटिबॉडीचं जंतू ओळखणारं टोक तसंच ठेवते आणि हेवी चेनचा, म्हणजे अँटिबॉडीतल्या मोठ्या साखळीचा, मागचा भाग बदलते, याला क्लास स्विचिंग म्हणतात. आधी आयजीएम, मग गरजेप्रमाणे आयजीजी, आयजीए नाहीतर आयजीई. पावसाळ्यात ठाण्यातल्या लॅबमध्ये डेंग्यूचा रिपोर्ट काढला की त्यावर आयजीएम आणि आयजीजी अशा दोन ओळी असतात त्या हेच क्लास, आणि दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्याचं आयजीजी पटकन चढतं कारण आधीच स्विच झालेल्या मेमरी पेशी (जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या बी पेशी) तयार असतात.

टी पेशी (बी पेशीला मदत करणारी दुसरी पांढरी पेशी) सीडी४० या बी पेशीवरच्या रिसेप्टरमार्फत बी पेशीला नुसतं 'बदल' म्हणते, कशात बदलायचं ते मुख्यतः साइटोकाइनवर, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रोटीनवर ठरतं. इंटरल्यूकिन-४ हे साइटोकाइन असेल तर माणसात आयजीजी४ आणि आयजीई, टीजीएफ-बीटा असेल तर आयजीए, आतड्यात त्याचंच राज्य. उंदरात इंटरफेरॉन-गॅमा हे साइटोकाइन आयजीजी२ए कडे नेतं. नोट्समध्ये लोक हे सरळ माणसाच्या तक्त्यात टाकतात, पण माणसात आयजीजी२ए नावाचा क्लासच नाही.

साइटोकाइन स्वतः डीएनए कापत नाही. इंटरल्यूकिन-४ रिसेप्टरवर बसलं की स्टॅट६ नावाचं निरोप्या प्रोटीन केंद्रकात जाऊन एप्सिलॉन (आयजीईच्या) जीनच्या आधीचा प्रमोटर, म्हणजे जीनचं बटण, चालू करतं, तिथे आरएनए बनायला लागतो, त्यापासून प्रोटीन काही होत नाही पण तेवढ्यात डीएनए उघडा पडतो आणि एआयडी नावाचं एन्झाइम तिथल्या सायटोसिनचं युरासिल करतं, मग दुरुस्तीच्या गडबडीत दोन्ही धागे तुटतात, लांबची टोकं जोडली जातात आणि मधला तुकडा कायमचा बाहेर. हे एआयडी तासुकू होंजोंच्या ग्रुपने १९९९ मध्ये शोधलं (नोबेल मात्र २०१८ मध्ये वेगळ्याच कामाला मिळालं). ज्यांच्यात ते जन्मतः काम करत नाही त्यांना हायपर-आयजीएम नावाचा आजार होतो, आयजीएम भरपूर पण बाकी क्लास जवळजवळ नाहीत, म्हणून सारखी इन्फेक्शन्स.

या क्लासचे जीन डीएनएवर एका ओळीत असतात, आणि मधला तुकडाच गेल्यामुळे मागे फिरता येत नाही. वाशीहून पनवेल लोकल पकडली की नेरुळ गेलं ते गेलं, बेलापूर-खारघर अजून पुढे आहेत, तसंच आयजीजी१ वरून आयजीई होता येतं, परत आयजीएम नाही.

दम्यात, एक्झिमात देतात ते ड्युपिलुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-४ चा रिसेप्टरच अडवतं, त्यामुळे आयजीईकडे नवीन स्विचिंग कमी होतं. पण आधीच्या प्लाझ्मा पेशी (बी पेशींपासून बनलेल्या, अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशी) आयजीई सोडत राहतात, म्हणून टोटल आयजीईचा आकडा उतरायला महिने लागतात.