अश्रुडाग (कुत्र्यांमधील)

कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकाच्या कडेने खाली उतरणारे तांबूस-तपकिरी ओघळ. माल्टीज, बिशों फ्रीझ, शिह त्झू, ल्हासा आप्सो, पेकिनीज, टॉय पूडल या लहान चणीच्या जातींत ते वारंवार आढळतात. पांढऱ्या केसांवर ते उठून दिसतात. काळ्या कुत्र्याचे डोळेही तितकेच गळत असू शकतात, पण तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

रंग येतो तो पॉर्फिरिन या द्रव्यांमुळे. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीम या लोहयुक्त घटकाशी संबंधित असलेली ही द्रव्ये शरीरातून प्रामुख्याने पित्तावाटे बाहेर पडतात. कुत्र्यांच्या अश्रूंत आणि लाळेतही ती उतरतात, म्हणून सतत पंजे चाटणाऱ्या पांढऱ्या कुत्र्याच्या पायांवरही हाच तांबूस रंग चढतो. ताजा अश्रू पाण्यासारखा स्वच्छ असतो. केसांवर वाळून त्याला उजेड लागला की डाग गडद होत जातो. केस कायम ओले राहिले तर तिथे मॅलासेझिया नावाची यीस्ट वाढते, कुबट वास येतो आणि कातडी लाल होते.

पॉर्फिरिन निरोगी कुत्र्यातही असतेच. त्यामुळे खरा प्रश्न रंगाचा नसून अश्रू गालावर का सांडतात हा आहे. एरवी ते वरच्या आणि खालच्या पापणीच्या आतल्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांत शिरतात व अश्रुनलिकेतून नाकात उतरतात. माणसाने बाहुलीसारखा चेहरा मिळावा म्हणून पिढ्यानपिढ्या निवड करत यांतल्या अनेक जातींचे मुस्कट आखूड केले, आणि ही वाट तिथेच बिघडली. डोळ्याची खोबण उथळ झाल्याने डोळा पुढे आला व पापणी त्यावर घट्ट ताणली गेली, त्यामुळे अश्रू साठायला जागाच उरत नाही. खालच्या पापणीचा आतला कोपरा आत वळतो आणि छिद्र दाबले जाते. अश्रुनलिकेलाही आखूड नाकात वाकडेतिकडे वळण घ्यावे लागते. शिह त्झू आणि ल्हासा आप्सोमध्ये तर कोपऱ्यातल्या मांसल उंचवट्यावर उगवलेले केस दिव्याच्या वातीसारखे अश्रू बाहेर ओढून घेतात. काही पिल्लांत, विशेषतः कॉकर स्पॅनियलमध्ये, हे छिद्र जन्मतःच पडद्याने बंद असते.

दुसरा प्रकार अश्रू जास्त तयार होण्याचा. पापणीच्या कडेवर चुकीच्या जागी उगवलेला केस, नाकावरच्या घडीतले डोळ्याला घासणारे केस, ॲलर्जी, डोळा येणे, पारपटलावरची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरची) जखम, काचबिंदू ही त्याची कारणे. वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला तरी त्या बाजूचा डोळा गळू शकतो.

वाट मोकळी आहे की नाही हे पशुवैद्य फ्लुओरेसिन या रंगद्रव्याने पाहतात. डोळ्यात टाकलेला रंग काही मिनिटांत नाकपुडीशी दिसला तर नलिका उघडी आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांत तो मागे घशात उतरू शकतो, म्हणून तोंडातही पाहावे लागते. याच रंगाने पारपटलावरची जखमही कळते.

उपाय कारणानुसार बदलतात: रुतणारे केस काढणे, नलिका सलाइनने धुणे, बंद छिद्र उघडणे, आत वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया. मुळात चेहऱ्याची ठेवणच कारण असेल, तर रोज ओल्या कापसाने पुसून जागा कोरडी ठेवणे एवढेच अनेकदा हाती राहते. व्हिनेगर पाजणे, नळाचे पाणी बंद करून बाटलीचे देणे या सल्ल्यांना भक्कम आधार नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड तर डोळ्याजवळ नेऊच नये.

डाग घालवणाऱ्या भुकट्यांपैकी काहींत टायलोसिन हे प्रतिजैविक असे. त्यांनी डाग फिके होत, पण गालबोटासारख्या किरकोळ डागासाठी महिनोन्महिने प्रतिजैविक चारणे कुठल्याच हिशेबात बसत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अशा विनापरवाना उत्पादनांविरुद्ध इशारा दिला होता.

दोन्ही डोळ्यांखालचे जुने, एकसारखे डाग बहुधा निरुपद्रवी असतात. एकच डोळा अचानक गळू लागला, कुत्रा तो मिचकावू लागला, पिवळट-हिरवट घाण येऊ लागली किंवा डोळा धुरकट दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. घरात पडलेले माणसांचे थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल आणि पारपटलावर जखम असेल, तर जखम चिघळून डोळा फुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते.